खाजरे कंद आणि अडलेला ओढा

"अगं, ओढा कुठे गेला?" ढब्बू ओरडला.

भिंगरी धावत काठाशी आली. काल खळाळणारं पाणी आज डबक्यासारखं गप्प! त्यात आत्याची टोपली, कंदांच्या चकत्यांनी भरलेली. आत्याचा पाय मुरगळल्यामुळे टोपलीची राखण सुट्टीला आलेल्या या भाचरांवरच होती. हे रानकंद भारी खाजरे. वाहत्या पाण्यात खाज धुऊन गेली, तरच खायचे.

आत्यानं शिकवल्याप्रमाणे भिंगरीनं चकती ओठाला टेकवली. "आई गं! अजून चावतेय!"

आली का पंचाईत! कंदांचं रान ठेवायचं की नाही, हे ठरवायला उद्या गावची कमिटी आत्याकडे जेवायला येणार होती. कंद पसंत पडले नाहीत, तर पणजोबांपासून जपलेलं कंदांचं रान सपाट करून तिथे गाड्या उभ्या राहणार होत्या!

दोघं शेजारच्या काकांकडे पळाली. "काका, ओढा..."

"फोनवर आहे, दिसत नाही?"

मग कमिटीच्या अध्यक्षांकडे. "मोठ्यांच्या कामात लुडबुड नको. खेळा जा!"

"खेळा म्हणे!" ढब्बूनं दगडाला लाथ मारली आणि अंगठा धरून बसला. "कुणी वाक्य तरी पुरं करू देतंय का?"

"ऊठ. आपणच बघू."

ओढ्याच्या कडेनं वर चढल्यावर कळलं. मासळीच्या तळ्याच्या ठेकेदारानं फळ्या टाकून ओढा तळ्यात वळवला होता. तळं तर काठोकाठ भरलेलं! फळ्या काढायचं कुणाच्या ध्यानातच नाही.

"ठेकेदारमामा, फळ्या काढा ना! आमचे कंद धुवायचेत."

"बादलीत धुवा. पाणी ते पाणी!"

"साचलेल्या पाण्यात खाज जात नाही."

"मला शिकवतेस? कंद खाऊनच वाढलोय मी!"

भिंगरीचे डोळे चमकले. तिनं खिशातून मघाची चकती काढली. "मग तुम्हीच पारख करा. ही चकती नुसती ओठाला लावा. काही झालं नाही, तर आम्ही निघालो."

"नुसती काय लावायची!" म्हणत ठेकेदारानं लचकाच तोडला.

"अहो, थुंका! थुंका!"

"आ... जीभ! पाणी!"

"बादलीतलं देऊ?" ढब्बूनं साळसूदपणे विचारलं.

चुळांवर चुळा भरून झाल्यावर ठेकेदारानं मुकाट्यानं फळ्या उपसल्या. ओढा उड्या मारत सुटला आणि रात्रभर चकत्यांवरून वाहिला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी कंद पुन्हा पुन्हा वाढून घेतले. "रानाला हात लावायचा नाही!" ते म्हणाले. ओढ्याची हकिगत ऐकून तर खूशच झाले. "पोरं हुशार हो तुमची! पण काय रे, ओढा अडला तर आधी आम्हाला नको का सांगायला?"

भिंगरी ताडकन उठली. आत्यानं तिच्या तोंडात घासच कोंबला.

"आधी जेव. मग भांड."