छत्तीस ग्रॅम पाणी

गफ्सा या खाणींच्या गावी, बाजारात शेवटच्या गरम रोटीवर आम्हा दोघांचे हात एकदमच पडले. त्यानं हात मागे घेतला.

"घ्या तुम्ही. मला खाणीतली धूळ खायची सवय आहे!"

मी हसले... आणि तासाभरात तोच माणूस माझ्या वर्गात, मागच्या बाकावर! शुक्री. वय अठ्ठावीस. फॉस्फेटच्या खाणीत सहा वर्षं काढून, प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी पुन्हा शिकायला आलेला. प्रौढांच्या त्या रसायनशास्त्राच्या वर्गाची नवी शिक्षिका मी, सिहेम. महिनाभर तो शंका विचारायचा आणि मी उत्तर देताना खडूकडे बघायचे.

मग चाचणी झाली. छत्तीस ग्रॅम पाण्यात अणू किती? शुक्रीला मी शून्य दिलं. तो पेपर घेऊन पुढे आला... अगदी जवळ.

"बाई, माझं उत्तर तुमच्या तिप्पट येतंय—"

मी गोंधळले. सगळे बघत होते. "खाणीत डंपरनं मोजत असाल, इथं नेमकं मोजतात!"

वर्ग खो खो हसला. तो पेपराची घडी घालून जागेवर जाऊन बसला.

संध्याकाळी पुन्हा गणित मांडलं. छत्तीस ग्रॅम म्हणजे दोन मोल. मी रेणू मोजून तिथंच थांबले होते! एका रेणूत हायड्रोजनचे दोन, ऑक्सिजनचा एक, असे तीन अणू. तिप्पटच. माझे कान तापले.

"सिहेम, ताप आलाय का गं?" आईनं विचारलं. मी ताट बाजूला सारलं.

सकाळी फळ्यापाशी उभी राहिले. "चूक माझी होती. एकट्या शुक्रींचं उत्तर बरोबर आहे. आणि खाणीवरून बोलले, ते त्याहून वाईट होतं." कुणी हसलं नाही.

वर्ग सुटल्यावर तो फाटकाशी थांबला होता.

"तुम्हाला ठाऊक होतं, मग भांडला का नाहीत?"

"सगळ्यांसमोर तुम्हाला खाली बघायला लावायचं नव्हतं, बाई. पण लागलं मला. माझ्या बापाची छाती त्याच खाणीनं खाल्ली."

मान वर होईना. "माफ कराल?"

"नसतं करायचं, तर थांबलो असतो का इथं?"

"निकालापर्यंत मी तुमची बाईच... त्यानंतर—"

"त्यानंतर?"

"नुसतं सिहेम म्हणा."

तो हळूच म्हणाला, "निकाल कधी आहे हो, बाई?"