आधी वायर काढा

गावाची वीज गेली, म्हणून शहाबानोने गाडीमागच्या जनरेटरचे हँडल धरले, तोच कुणीतरी ओरडले, “हात लावू नका!”

ती दचकून वळली. तेलाने माखलेले हात, आणि ओरडल्याबद्दल लगेच ओशाळलेला चेहरा... तो इनुस, पुण्याहून आलेल्या क्ष-किरण गाडीचा जनरेटर सांभाळणारा. ती मांडवगणच्या दवाखान्यातली नर्स. गाडीचा मुक्काम आठ दिवस होता, आणि रोग्यांची नावे पुकारण्याचे काम तिच्याकडे होते.

“एवढं ओरडायला काय झालं?”

“गावाच्या विजेची ही वायर आधी काढायची, मग जनरेटर. न्हाईतर आपली वीज उलटी गावाच्या तारंत जाती... आन् खांबावर माणूस असला, तर—”

त्याने समोरच्या खांबाकडे बोट दाखवले.

गावात वीज नवीच आली होती. दिवसातून दोनदा जाई. प्रत्येक वेळी इनुस वायर काढी, तिला दाखवी, मगच हँडल फिरवी.

“मला कशाला दाखवता?”

“साक्षीदार लागतो.”

“रोज?”

“रोज... तोच.”

ती हसू दाबून पुढचे नाव पुकारी.

आठव्या दिवशी दुपारी वीज गेली. जालिंदर वायरमन समोरच्या खांबावर चढला. खोकणारी रांग ताटकळली होती. इनुस हँडलवर वाकला. नजर मात्र दारातल्या शहाबानोवर खिळलेली.

“इनुस! वायर!”

त्याचा हात जागीच थांबला. वर जालिंदरने उघडी तार मुठीत धरली होती.

वायर काढून तो पायरीवर बसला. 

“सहा वर्षांत कधी चुकलो न्हाई.”

“मग आजच?”

“तुमच्याकडं बघत होतो... उद्या गाडी कासुर्डीला जाणार. मग कुठं दिसणार तुम्ही?”

ती हसली नाही. पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

“परत कवा येणार गाडी?”

“वर्षानं. तवा मीच असंन, असं न्हाई...”

रांगेत कुणीतरी पुन्हा खोकले. तिने यादी उचलली. दारापाशी क्षणभर थांबली, आणि मागे न वळताच म्हणाली,

“गाडीची कशाला वाट बघायची? शिरूरची एसटी रोज येती हितं. आन् आमचे अब्बा... जुम्म्याला नमाजानंतर घरीच असत्यात.”