तिसरी बादली

गळका रेडिएटर बुजवायला कुणा शहाण्याने त्यात अंडी फोडून घातली होती. त्या सडक्या वासापायी मास्तरांनी दोन दिवस जेवणाचा डबा उघडला नव्हता. पन्नाशीचा हा गॅरेजवाला गिऱ्हाइकांना उभं करून शिकवायचा, म्हणून त्याचं नाव पडलं मास्तर. इंजिन नुसत्या उन्हाने तापत नाही, आतलं पाणी फिरायचं थांबलं की तापतं. नळाचं पाणी ओतू नका, आतून गंज धरतो; त्यासाठीचं रंगीत कूलंटच घाला. पाण्याची वाट उघडझाप करणारा थर्मोस्टॅट काढून फेकला की इंजिन थंड राहतं, हे तर निव्वळ थोतांड. सांगून सांगून त्यांच्या तोंडाला फेस यायचा.

त्या दुपारी आलेली गाडी तिसऱ्यांदा आली होती. चालवणारी बाई शाळेत चित्रकला शिकवायची. मागच्या सीटवर तिची आई बसली होती, पाय भोपळ्यासारखे सुजलेले. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यावं लागे, आणि दर वेळी अर्ध्या वाटेत तापमानाची सुई लाल रेघेला टेकत होती. मास्तरांनी आधी थर्मोस्टॅट बदलला होता, मग पंप. पंखा ठणठणीत होता.

"एसीमुळे होत असेल का हो, मास्तर?"

"नाही हो ताई. एसी लावल्यावर तापणारी गाडी आधीच कुठेतरी बिघडलेली असते. पाणी कमी होतंय का, ते सांगा."

बाई जरा घुटमळली. "कमी नाही. वाढतंय."

मास्तर हसले. बंद नळ्यांत पाणी वाढत नसतं. पण गरम इंजिनाचं झाकण उघडणं म्हणजे तोंड भाजून घेणं, म्हणून त्यांनी दीड तास वाट पाहिली. मग फडकं धरून झाकण फिरवलं.

कूलंटचा गोडसर वास आला नाही. खूप दिवस पट्टीत आवळलेला पाय सोडल्यावर येतो, तसला आला. तोंडाशी पिवळट साय धरली होती. त्यांनी बोटाने टोचली, तर ती ताणली गेली आणि बोटाला चिकटून आली. इंजिनाचं लोखंड पार निवलं होतं. साय मात्र कोमट होती.

मास्तरांनी बोट पँटला पुसलं. पुन्हा पुसलं.

गाडीखाली बादली सरकवून त्यांनी खालचं बूच सैल केलं. शेंबडासारखं दाट, मळकट काहीतरी लोंबत लोंबत पडू लागलं. या गाडीत पाच लिटर मावतं. दहाची बादली काठोकाठ भरली. त्यांनी दुसरी लावली. बुचाशी एक पांढरा केस लटकत होता. त्यांनी तो ओढला, तर तो येतच राहिला, वीतभर, हातभर. ते भिंतीशी जाऊन ओकले.

मागच्या सीटवरून आवाज आला, "आता बरं वाटतंय गं. हलकं हलकं वाटतंय."

तिसरी बादली अर्धी झाली, तेव्हा मास्तरांनी बूच करकचून आवळलं.

"थांबू नका ना," बाई म्हणाली. "तिचे पाय बघा."

मास्तरांनी खिडकीतून पाहिलं. सूज उतरली होती. घोट्यांवर कातडी रिकाम्या पिशवीसारखी सुरकुतून लोंबत होती. चपला गळून पडल्या होत्या.

"ताई, हे काय आहे?"

"मला काय माहीत? वर्षभरात सुया टोचल्याशिवाय पहिल्यांदा उतरलेत तिचे पाय. थोडं अजून काढा. हात जोडते."

"आणि सगळंच निघालं तर?"

तिने वाकून आईच्या चपला उचलल्या.

मास्तरांना जिभेवर आंबट लागलं. त्यांनी हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. वास गेला नाही. तिन्ही बादल्या दाराशी ओळीने उभ्या होत्या. वर साय आली होती, फिकट, बारीक रेघांची.

बाहेरून गार वारा आला.

तिन्ही बादल्यांत सायीवर बारीक बारीक टिपके उठले. सायीवर काटा आला.

"गारठले गं," आई गाडीतून म्हणाली.

मुलीने तिच्या अंगावर शाल घातली, नीट खोचली.

बादल्यांतला काटा हळूहळू बसला.