ओळखीची चव

रेवा रांगू लागल्यापासून हाताला लागेल ते तिच्या तोंडात जाई. चपलेचा पट्टा, कांद्याचं साल, पायपुसण्याचे धागे, एकदा तर मेलेली पाल. मृणाल मात्र पूर्वीसारखी धावत सुटत नसे. डॉक्टरांनी रेवाच्या पहिल्या दाताला तांदळाच्या कणीएवढा दंतमणी चिकटवला होता. लाळेत काय मिसळलं ते मणी ओळखी आणि मोबाइल बोलून दाखवी. आईचं बोट चोखलं तर उगाच इशारा नको, म्हणून घरातल्या सगळ्यांच्या जनुकखुणाही त्याला दिलेल्या होत्या.

त्या दुपारी रेवा खिडकीची कड चावत होती.

"लाकूड. काळजी नको," मोबाइल म्हणाला. "ओळखीचा स्पर्श : निषाद."

मृणालचे कणकेतले हात तिथेच थिजले. निषाद तिचा थोरला. रेवाच्या जन्माआधीच तापाने गेला, तेव्हा जेमतेम दीड वर्षाचा होता.

तिचा नवरा श्रीरंग धरणावरच्या वीजकेंद्रातून घरी आला, तेव्हा तिने मोबाइलवरचं ते वाक्य त्याला ऐकवलं.

"त्यालाही मणी होता ना," तो म्हणाला. "त्याची खूण आपल्या खात्यावर राहून गेली असेल. ही कड त्यानेही चावली असणार. लाळ वाळून भेगेत बसते. रेवाची लाळ लागली की ओलावते."

"म्हणजे तो आहे तिथे."

"डाग आहे तो, मृणाल. मी नाव काढून टाकतो."

"खबरदार हात लावलास तर!"

निषादचे कपडे, खेळणी सासूबाईंनी तेव्हाच देऊन टाकली होती. पण श्रीरंग कामावर गेला की आता मृणाल रेवाला कडेवर घेऊन घरभर हिंडू लागली. कपाटाची मूठ तिच्या ओठांशी धरायची, मग पलंगाची कड, मग किल्ल्यांचा जुडगा. आणि कान देऊन उभं राहायचं.

रेवाला कळायला वेळ लागला नाही. ते नाव आलं की आई हसते, पटापटा मुके घेते. नाही आलं की तिचा चेहरा विझतो. मग रेवा आपणहून वस्तू तोंडात घालून आईच्या तोंडाकडे बघत राहू लागली.

एका रविवारी मृणालने माळ्यावर राहून गेलेली निषादची तीनचाकी सायकल काढली. श्रीरंग अंगणात होता. रेवाने चाकाचा सैल झालेला नट ओढून काढला आणि सरळ तोंडात टाकला.

"धोका. गंज. लगेच काढा."

मृणालचा हात पुढे गेला आणि मध्येच थबकला. दुसरं वाक्य अजून यायचं होतं.

रेवा ठसकली. मग तिचा आवाजच बंद झाला. ओठ निळे पडत चालले. मृणाल किंचाळली, तसा श्रीरंग धावत आला. त्याने पोरीला हातावर पालथं घेतलं, पाठीत थापट्या मारल्या. नट फरशीवर पडला आणि रेवाने टाहो फोडला.

"ओळखीचा स्पर्श : निषाद," मोबाइल शांतपणे म्हणाला.

"तुझा हात पुरत होता," श्रीरंग म्हणाला. "कशाची वाट बघत होतीस?"

मृणालने फरशीवरचा नट उचलून मुठीत धरला.

दुसऱ्याच दिवशी तिने मणी काढून घेतला. नावही स्वतःच्या हाताने पुसलं. घर गप्प झालं. त्या गप्पपणाची तिला हळूहळू सवय होऊ लागली होती.

मग एका संध्याकाळी श्रीरंगने निषाद होता तेव्हापासून वीजकेंद्रातल्या कपाटात पडून असलेली जुनी छत्री घरी आणली. तो पाय धुवून येईपर्यंत रेवाने तिची मूठ चघळायला सुरुवात केली होती. चघळता चघळता ती थांबली. मूठ तोंडातून काढून तिने मृणालकडे पाहिलं, आणि आयुष्यातला पहिला स्पष्ट शब्द बोलली.

"निछाद."

पोर ऐकलेलं नाव बोलली, मुक्यासाठी बोलली, दुसरं काय असणार! तिने वर पाहिलं. श्रीरंग दारात उभा होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"श्रीरंग," तिने कसंबसं विचारलं, "ही छत्री त्याने कधी तोंडात घातली होती का रे?"