काकांच्या बाटलीतलं तेल

२००७ सालच्या मार्चमधली गोष्ट. मी तेव्हा नारपोलीच्या एका कापडाच्या डाइंग कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला होते. काल्हेरचे माझे केसरीनाथकाका गोदामवाल्यांना जमीन विकून मोकळे झाले होते. वाडा रस्त्याच्या आत, डोंगरातल्या एका पाड्यावर बोअरमधून खनिज तेल निघतं, अशी कुणकुण त्यांना लागली. ती जागा घ्यायचं त्यांचं आणि भागीदार हिरामणशेटचं चाललं होतं.

"तू चल, बाय. खरा हाय का खोटा, तुलाच कलंल," काका म्हणाले.

भर दुपारी पोचलो. जागेचा मालक नवशा आंब्याखाली बसला होता. बोअर म्हणजे जमिनीतून वर आलेला नुसता पाइप, तोंडावर दगड. मी धुऊन आणलेल्या तीन अरुंद बाटल्या वजन लावून दोरीला बांधल्या.

काकांची बाटली वर आली ती काळ्या, दाट तेलानं भरून. हिरामणशेटच्या बाटलीत पाणी. माझ्याही. नितळ पाणी, तेलाचा तवंगसुद्धा नाही. तेल पाण्यावर तरंगतं. मग आमच्या बाटल्या त्यातून तेल न लागता कशा गेल्या?

दोऱ्या बदलल्या. काकांच्या दोरीनं मी ओढलं. पाणी. माझ्या दोरीनं काकांनी ओढलं. तेल.

"आत काय लावलंस रं?" हिरामणशेट चिडले.

"काय न्हाय लावला, शेट." नवशा काकांकडंच बघत होता.

"तुम्हाला कधी तेल लागलं?" मी विचारलं.

"मना पानीच. माझे बापाला येकदा आल्ता."

"मग?"

त्यानं दगड उचलून पाइपावर परत ठेवला.

येताना जीपमध्ये हिरामणशेट म्हणाले, आपल्याला नको ही भानगड. काका बाटली मांडीवर धरून होते. "गरम हाय गं," एवढंच म्हणाले. मला वाटलं, उन्हानं.

प्रयोगशाळेत तेलात वात बुडवली. पेटली नाही. तापमान घेतलं, सदतीस अंश. बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी पुन्हा सदतीस. थर्मामीटर बदलला. सदतीस.

मी काकांना फोन लावला. "काका, जागा घेऊ नका. हे तेल नाही."

"मग काय हाय?"

मी बाटलीत ठेवलेल्या थर्मामीटरकडं पाहिलं.

"नाय घेत," ते हळूच म्हणाले. "बाय, कालपासून गारठा भरलाय. उन्हात बसलोय, तरी हात गार."

"दवाखान्यात जा, काका. आत्ताच."

"जातो. जरा पडतो आधी."

पारा छत्तीसवर आला होता. फोन मानेत धरून मी बाटली दोन्ही तळव्यांनी घट्ट झाकली.

पारा उतरायचा थांबला नाही.