बुडाशी बटण की बाजूला

टॉर्चचं बटण बुडाशी असावं की बाजूला, यावरून आमच्या घरात तीन दिवस वाद चालला होता, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा. हल्ली मीही हसतो. तो दिवा जरा अलीकडे सरकवा आणि नीट ऐका.

मी आणि माझा साडू एकाच धरणावर कामाला आहोत. भिंतीच्या पोटात एक लांबलचक बोगदा आहे. दर मंगळवारी सकाळी तिथं झिरपणारं पाणी मोजायचं. मी डाव्या दारानं शिरायचो, तो उजव्या, आणि मध्यावर, झिरपलेलं पाणी साचतं त्या जाळी टाकलेल्या खड्ड्यापाशी भेटायचो. आत हाक मारली तर ती चहूकडून परत येते, कोण कुठून बोलतंय तेच कळत नाही. म्हणून आमची खूण टॉर्चची. उजेड एकदा मिटला, म्हणजे मी ठीक आहे. दोनदा मिटला, म्हणजे ये पुढं. आणि खूण दिसली की उत्तर द्यायचंच.

त्या रविवारी आम्ही बायकांना घेऊन नवे टॉर्च आणायला गेलो. मी बुडाशी बटण असलेला उचलला. ते अर्धवट दाबलं की उजेड टक्कन मिटतो, सोडलं की येतो. साडूनं बाजूला बटण असलेला घेतला.

"अरे, तुझा तो मुठीत उचलून खांद्याशी धरावा लागतो," साडू म्हणाला. "हा बघ, हात खाली सोडला तरी अंगठा बटणावरच."

"आणि खूण कशी करशील? ते दाबलं की उजेड नुसता कमीजास्त होतो."

"तळहात ठेवीन काचेवर. त्यात काय एवढं!"

दोघी बहिणी अर्थातच त्याच्या बाजूनं. "तुम्हांला मेलं सगळं अवघडच आवडतं," आमची ही म्हणाली. मी हट्टाला पेटलो.

मंगळवारी अकराच्या सुमारास मी आत शिरलो. बाहेर लख्ख ऊन, आत ओल्या सिमेंटचा वास आणि टपटप. ओलीनं बोगद्यातले दिवे पुन्हा बंद पडले होते. तिसरं माप लिहिलं, तेव्हा लांब समोर उजेड दिसला. एकदा मिटला. सवयीनं मी उत्तर दिलं. मग तो दोनदा मिटला. आज साडूभाऊ लवकर उठलेले दिसतात, असं म्हणत मी वही बगलेत मारली आणि निघालो. समोरचा उजेड थेट डोळ्यांत येत होता. पायाखालचं काही दिसेना.

पुन्हा दोनदा. टक्… टक्… साचलेल्या पाण्याचा कुबट वास नाकात शिरला.

आणि माझे पाय थबकले. काचेवर तळहात ठेवला की बोटांतून उजेड तांबूस दिसतो. रविवारी घरी त्यानं करून दाखवलं होतं. हा तांबूस होत नव्हता. सुरीनं कापल्यासारखा तुटत होता. असं बटण आम्हां दोघांत फक्त माझ्याकडं होतं.

"कोण आहे…?" मी हाक मारली. ती चहूकडून परत आली.

उजेड पुन्हा दोनदा मिटला.

तेवढ्यात मागून भिंतीवर उजेड पडला. तांबूस झाला, मिटला, परत आला. साडू माझ्या पाठीशी होता!

"पुढं जाऊ नकोस…" तो धापा टाकत कुजबुजला. "माझ्या दाराचं कुलूप उघडेना. वरून वळसा घालून तुझ्या दारानं आलो. वर कळलं, पंपवाल्यांनी खड्ड्यावरची जाळी काढून ठेवलीय…"

मी टॉर्च पायाशी वळवला. दीड हातावर काळंशार पाणी होतं. मान वर केली, तर पलीकडे नुसता अंधार. त्या बाजूच्या दाराला कुलूप होतं, कुणी आत येऊच शकत नव्हतं. मी साडूला मिठी मारून रडलो, सांगायला लाज कसली.

आता मीही बाजूच्या बटणाचा वापरतो. बायकोला जिंकल्याचा आनंद, मला जिवंत असल्याचा. आम्ही दोघं बरोबरच आत जातो आणि काम झालं की वर उन्हात डबा खातो. सुखात आहोत, अगदी खरं सांगतो.

फक्त गेल्या मंगळवारी… साडू माझ्या शेजारीच माप वाचत होता. खड्ड्याच्या पलीकडे, लांब, उजेड दिसला. आम्ही दोघांनी आपापले टॉर्च खाली धरले. या वेळी तो टक्कन मिटला नाही. सावकाश तांबूस होत गेला… मग मिटला. एकदाच. परत आला, आणि उत्तराची वाट बघत थांबला.