एका ‘थांबा’चे देणे

नागोजीरावांनी म्हैसूरच्या महाराजांच्या रिसाल्यात घोडा दौडवला. त्यांचे पुत्र खंडोजीराव राजवाड्याच्या पागेत शिंगरांना चाल शिकवीत. खंडोजीरावांचे पुत्र रणोजीराव यांनी उभा जन्म राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत टांगा हाकला. तीन पिढ्यांच्या हाती लगाम होता, आणि वाटेवरच्या एकाही माणसाला त्यांच्यामुळे खरचटले नाही, हा त्या घराण्याचा अभिमान. चौथ्या पिढीच्या मालोजीरावांच्या हाती लगामाऐवजी शहर बसचे चाक आले. त्या चाकाखाली एक मूल जाता जाता वाचले, आणि त्याला कारण मी होते.

हे मी मान खाली न घालता लिहिते. चूक केली, कबूल केली, फेडली. ज्या मुलींना प्रेम म्हणजे नुसत्या गोड गोष्टी वाटतात, त्यांनी हे अवश्य वाचावे.

१९८४ चा श्रावण. मी शकुंतला, वय तेवीस. साताऱ्याहून म्हैसूरला थोरल्या भावाकडे आलेली. अंबाजीदादा कारखान्यात नोकरीला, बिऱ्हाड कुवेंपुनगरात. जवळच्या बालवाडीत बारा मुले माझ्या हाती सोपवली होती. माझे कन्नड सहा महिन्यांचे, पण धड्यापुरते चोख : थांबायला ‘निल्लु’, यायला ‘बा’. अंगणात खडूने रस्ता आखून, लाल-हिरवे कागद दाखवून मी आठवडाभर मुलांना रस्ता ओलांडायला शिकवले. आधी उजवीकडे पाहा, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. आठव्या दिवशी त्यांना खऱ्या रस्त्यावर नेले.

भुरभुर पाऊस होता. मुले कडेला एका दोरीला धरून उभी राहिली, आणि कसे ओलांडायचे ते दाखवण्यासाठी मी एकटी पलीकडे गेले. ती माझी पहिली चूक. तेवढ्यात तीन वर्षांच्या गुंडूने एक पाऊल रस्त्यावर टाकले — आणि वळणावरून बस आली.

माझे सहा महिन्यांचे कन्नड त्या क्षणी पुसले गेले. ओठांवर आली ती आईची भाषा.

“थांबा!” मी ओरडले.

गुंडू हसला. त्याने दोरी सोडली, दोन्ही हात पसरले, आणि तो माझ्याकडे धावत सुटला!

ब्रेक किंचाळले. बस तिरपी होऊन दिव्याच्या खांबावर आदळली आणि थांबली. तिचा एक डोळा फुटला होता. गुंडू आणि पुढचे चाक यांच्यात वीतभर अंतर होते... ती वीत मला अजून दिसते.

मी धावत जाऊन गुंडूला उचलले. चालक खाली उतरला. उंच, खाकी कपडे, मिशांवर पावसाचे थेंब. आता शिव्या ऐकायच्या, एवढेच मला कळत होते. पण तो चक्क मराठीत बोलला.

“बाई, पोराला बोलावलं कशाला?”

“बोलावलं? मी थांबा म्हटलं!”

“नोडी... बघा, तेच ते. थांबा... तम्मा, बा!” त्याने गुंडूच्या डोक्यावर हात ठेवला. “तम्मा म्हणजे धाकला भाऊ. बा म्हणजे ये. ह्याची आई ह्याला असंच बोलावत असेल. तुम्ही लाडानं बोलावलंत, तो आला. त्याचं काय चुकलं?”

मुलाला वाचवायला टाकलेल्या शब्दानेच मी त्याला चाकापुढे बोलावले होते.

“मग... मग ओरडायचं तरी काय?”

“ओरडायचंच नाही. आमचे आजोबा शिंगरासमोर कधी ओरडले नाहीत. असा हात वर करायचा, बस्.”

त्याने पंजा उंचावला. बारा मुलांनी पंजे उंचावले. मीही उंचावला.

“तुम्ही आता खाली करा, बाई,” तो गंभीरपणे म्हणाला. “नाहीतर मला जाता यायचं नाही.”

दोन दिवसांनी तो साध्या कपड्यांत बालवाडीच्या फाटकाशी हजर! आमच्या मुख्य बाई नर्मदाबाई यांना नमस्कार करून म्हणाला, “धड्याला बस लागेल ना? मी होतो बस.” स्वयंपाकाची परात त्याने चाकासारखी धरली आणि खडूच्या रस्त्यावर घरघरत निघाला. मुले त्याला पंजा दाखवीत. तो जागच्या जागी गोठे.

“बस, थांबा!” एकदा मी मुद्दाम म्हटले.

“ह्या बसला मराठीत ब्रेक नाही.”

“निल्लि!”

तो थांबला, आणि मिशीत हसला. “काल ‘निल्लु’ होतं, आज ‘निल्लि’. अरेतुरेचं अहोजाहो झालं, बाई. लक्षात आलंय.”

“मान बसला दिलाय, तुम्हाला नव्हे.”

“बसचं नाव मालोजीराव आहे.”

“बस फार बोलते,” मी म्हणाले. कान मात्र तापले होते...

तीन आठवडे हे चालले. कामावर जायचे नसते का, असे विचारले की म्हणे, “सुम्मने... सहज. रजा आहे.” मग एके सकाळी त्यांचा कंडक्टर नागराज फाटकाशी भेटला.

“रजा कुठली, अक्का? मालोजीरावांचं चाक काढून घेतलंय. पहाटे डेपोत बस धुतात. ‘मी वेगात होतो, चूक माझी,’ असं लिहून दिलं त्यांनी. रणोजीरावांनी तेव्हापासून मुलाशी बोलणं टाकलंय.”

बस वेगात नव्हती, हे माझ्याएवढे कोणाला ठाऊक होते?

मी अंगणात जाऊन त्यांच्या हातातली परातच धरली. “खोटं का लिहिलंत?”

“खरं लिहिलं असतं तर बालवाडीचं नाव आलं असतं.” ते परातीकडे पाहत होते. “धडा बंद झाला असता. आणि तुम्ही... साताऱ्याला गेला असता.”

“म्हणून तीन पिढ्यांचं नाव घालवलंत? माझ्यासाठी?”

त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिले. त्या नजरेतले उत्तर कळून मला धक्का बसला तेवढा बस समोर आली तेव्हाही बसला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी डेपोत जाऊन अधिकाऱ्यांपुढे लेखी जबाब दिला : बस हळू होती, मूल माझ्या शब्दाने धावले. मालोजीरावांना चाक परत मिळाले. संध्याकाळी नर्मदाबाईंनी मला कामावरून काढले, आणि रात्रीच्या जेवणाआधी दादांनी माझे साताऱ्याला जायचे ठरवूनही टाकले.

रविवारी मी ट्रंक घेऊन दादांसोबत स्टेशनच्या बसची वाट पाहत होते. तेवढ्यात समोरच्या बाजूला उलट दिशेची बस येऊन थांबली. नवा दिवा लावलेली. मालोजीराव खाली उतरले. आत माणसे खच्चून भरलेली, सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर. त्यांनी पंजा उंचावला.

“थांबा!”

घोड्यापुढेही न ओरडणाऱ्या घराण्यातला माणूस भर रस्त्यात ओरडला होता.

“कोणत्या भाषेत?” मी विचारले.

“दोन्ही!”

पुढच्या आसनावरून पांढऱ्या फेट्यातले एक वृद्ध गृहस्थ डोकावले. “अंबाजीराव,” ते दादांना म्हणाले, “मी रणोजीराव, ह्याचा बाप. पोरीनं आमच्या घराचं नाव परत आणून दिलं. तिलाच मागायला आलोय. तुमच्या मनात असेल तर लवकर सांगा — बसला उशीर होतोय.”

दादांनी माझ्याकडे पाहिले, आणि माझ्या हातातली ट्रंक हलकेच स्वतःकडे घेतली.

मी उजवीकडे पाहिले. डावीकडे पाहिले. पुन्हा उजवीकडे पाहिले. सगळी बस ताटकळली होती. तरी एक पाऊलही नियमाबाहेर न टाकता मी रस्ता ओलांडला.

माझ्या एका शब्दावर त्यांनी बस थांबवली होती. त्यांच्या त्याच शब्दावर मी मराठीत थांबले, आणि कन्नडात आलेही. देणे पुरते फिटले.